संसदेतल्या खुर्च्या

प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी ताटकळत बसला होता. त्याच्या कानांवर शेजारच्या नवरा-बायकोचा संवाद पडत होता.

“संसदेत सदस्य किती?”

“एकशे बासष्ट.”

“अगं, दीडशे!”

“अहो, तिथल्या खुर्च्या रोज मीच पुसते.”

“मागच्या खेपेला याच शहाणपणानं आपटलीस. आज नापास झालीस तर तुला परत पाठवतील, पोरं इथेच राहतील.”

तंत्रज्ञाने आपले पुस्तक उघडले. आकडा दीडशे होता. छपाई सहा वर्षांपूर्वीची.

“मग डोळ्यांनी बघितलेलं खोटं?”

“तपासणारा पुस्तक बघतो, खुर्च्या मोजत नाही. दीडशे म्हण.”

“दीडशे. तुम्ही कसे हो पहिल्या झटक्यात पास झालात?”

“मी कुठे कधी संसदेच्या आत गेलोय?”