बाराव्या कमानीचं फूल

(जुन्या दगडी कॉलेजचं फाटक. तिथून नुकतेच निवृत्त झालेले हेडक्लार्क श्यामसुंदर आणि रखवालदार सर्जेराव.)

श्यामसुंदर : ...आणि आमची श्यामला गेल्याचा फोन मी इथंच घेतला. तुम्हीच स्टूल दिलंत बसायला. त्या दिवशी नाही विचारलंत पास कुठाय म्हणून.

सर्जेराव : साहेब, तवा तुम्ही नोकरीत व्हता. आता आत डागडुजी चाललीय. बाहेरच्याला सोडायचं न्हाई, असा हुकूम हाय.

श्यामसुंदर : एकतीस वर्षं याच दारातून गेलो. मार्चअखेरीस बाहेरचा झालो. छान.

सर्जेराव : पन आत काय काम काढलंय?

श्यामसुंदर : बारावी कमान बघायचीय.

सर्जेराव : एकतीस वर्सांत न्हाई बघितली?

श्यामसुंदर : नाही बघितली. मान खाली घालून मस्टर गाठायचो. श्यामला संध्याकाळी मला न्यायला यायची. मी खाली येईपर्यंत कमानींवरची दगडी फुलं वहीत काढायची आणि घरी जाऊन चादरीवर भरायची. मी म्हणालो, सगळी सारखीच तर आहेत, एकच बारा वेळा भर.

सर्जेराव : सारखी कुठली! पैल्या कमानीवर कमळ, तिसरीवर कारल्याचा येल. वहिनींनी दावलं तवा मलाबी कळलं.

श्यामसुंदर : तुम्हाला दाखवलं?

सर्जेराव : तुम्ही उशिरा यायचा की.

श्यामसुंदर : ...हं. अकरा भरून झाली. बारावं वहीतसुद्धा नाही. ते बघतो आणि जातो. दोन मिनिटं.

सर्जेराव : जाऊन उपेग न्हाई, साहेब.

श्यामसुंदर : उपयोगाचं माझं मी बघेन. तुम्ही कुलूप काढा.

सर्जेराव : त्ये फूल उतरवताना फुटलं. ठेकेदारानं अकराव्याचा साचा घेतला आन् तसंच नवं करून बसवलं.

श्यामसुंदर : अकराव्याचा? आणि कुणी काही बोललं नाही?

सर्जेराव : म्या बोललो. तर म्हनला, वर कोन बघतंय? सगळी सारखीच हायती.

श्यामसुंदर : तुकडे कुठं आहेत?

सर्जेराव : राडारोड्याच्या ट्रकात गेलं. सोमवारी.

श्यामसुंदर : आणि ही इतकी मुलं रोज इथं फोटो काढतात, त्यातला एखादा?

सर्जेराव : ती सोताचं काढत्यात. कमानीचं कोन काढतंय?

श्यामसुंदर : मग तुम्ही सांगा. रोज समोर बसत होता. पाकळ्या किती होत्या?

सर्जेराव : लांबट व्हत्या... मदी गोल. मोजल्या न्हाईत वो. मोजायचं काम वहिनींचं.

श्यामसुंदर : सात? आठ? अंदाजे तरी?

सर्जेराव : खोटं कसं सांगू? बसा वाईच. स्टूल आनतो.

श्यामसुंदर : नको. चादर तशीच खुर्चीवर पडलीय. सुईत दोरा आहे. बारावा चौकोन कोरा आहे.