बाहेर पडता येईल असं काही

कपड्यांच्या दुकानात आपली पाळी येईपर्यंत नर्सबाई पुढच्या मायलेकींचं बोलणं ऐकत होत्या.

“आई, हा गाऊन घे. सुती आहे, सैल आहे. शांत झोप लागेल.”

“हा घालून पटकन बाहेर पडता येईल?”

“झोपताना घालायचा आहे गं! चार वर्षं बाहेरच्या कपड्यांत झोपतेस, पायमोज्यांसकट. झोप येणार कुठून?”

“तुझ्या दादाने स्टेशनवरून फोन केला, तेव्हा मी गाऊनमध्ये होते. कपडे बदलत बसले आणि त्याची गाडी सुटली.”

“त्यानंतर त्याचा एक तरी फोन आलाय का?”

“आणि आला तर?”

लेक घडी घातलेल्या गाऊनची पुन्हा घडी घालत राहिली.

“काका, याच कापडात बाहेर घालता येईल असं काही आहे?”

“आहे की. आईंच्या मापाचं ना?”

“हो. आणि एक माझ्या.”