वहीतल्या चुका

कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या रेवती मॅडम धाड गावाच्या एसटीत बसल्या होत्या. मागच्या सीटवर त्यांच्याच वर्गातल्या दोन मुलींचे ओळखीचे आवाज होते.

"काजल, तुह्या नावापुढं 'नक्कल' काऊन आलं वं?"

"कम्प्युटर मोजते ना, लिहिताना कोण किती चुकलं, किती थांबलं. मी प्रोग्राम एका दमात बिनचूक लिवला."

"कुठून उतरवला?"

"माह्याच वहीतून. घरी कम्प्युटर नाही, तं एसटीतच वहीत लिहते, खोडते."

"मंग मॅडमले वही दाखवायची!"

"दाखवली. म्हणे, वहीतल्या चुका मोजता येत नाहीत."

"अन् आता?"

"आता मुद्दाम चार चुका करते, मंग दुरुस्त करते. परवा मॅडमनं शाबासकी देल्ली."

"अन् वही?"

"लपवून आणते."

मॅडमचा थांबा आला. मागं न बघता त्या उतरल्या.