सरळ केलेली चार चित्रं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या छापखान्याचे मालक. व्यासपीठावर बसलेले पाहुणे. जुळणी, छपाई, बांधणी या सगळ्या खात्यांतले माझे सहकारी. मुलाबाळांसह आलेल्या वहिनी आणि भावोजी. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती, आपल्या मुद्रितशोधक, आपल्या सगळ्यांच्या लालपेनताई, यांना माझा नमस्कार.

मी कटिंग मशीनवरचा माणूस. माझ्या आयुष्यात मी बोललो कमी आणि कापलं जास्त. त्यामुळे मला पाच मिनिटं दिली आहेत, ती व्यवस्थापकांनी विचार करूनच दिली असणार.

ताईंचं काम आपण सगळे जाणतो. लेखकाची मूळ प्रत डावीकडे, छापलेला कच्चा कागद उजवीकडे, हातात लाल पेन. अठ्ठावीस वर्षं. मूळ प्रतीत आहे ते आणि तेवढंच पाहिजे, हा त्यांचा खाक्या. एका लेखकाने फोनवर सांगितलं, "बाई, ते वाक्य तुम्हीच जरा बरं करा ना," तर ताई म्हणाल्या, "बरं तुम्ही करा, मी खरं आहे का ते बघते."

पण ही झाली पोटापाण्याची गोष्ट. ताईंचं दुसरं काम चालायचं ते चहाच्या सुट्टीत. माझ्या मशीनखाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या त्या उचलायच्या. जाड, तळहाताएवढ्या. पेन्सिल, रंगांची एक चपटी डबी, आणि कपाच्या बशीत घोटभर पाणी. सुट्टी पंधरा मिनिटांची. घंटा झाली की चित्र संपलं, मग एक कान राहिला असेल तरी राहिला! मागे तारीख आणि वेळ. काय काढायच्या? सुईत दोरा ओवताना शिवणवाल्या मावशींनी काढलेली जीभ. दाराशी पडलेल्या सतरा चपला. कागदाच्या गठ्ठ्यावर डुलकी काढणारे आपले हिशेबनीस. (साहेब, ते चित्र पुढच्या भिंतीवर लावलंय. आता लपून उपयोग नाही.) आपल्यापैकी कुणाला वाटलं होतं का हो, की आपल्या चपलेकडे कुणी इतकं लक्ष देऊन बघेल?

सोमवार माझा असायचा. सोमवारी मी पातं बदलतो, सुट्टीतही मशीनशीच उभा असतो. मागे गोदामाचं दार. ताई समोरच्या स्टुलावर बसायच्या आणि मला काढायच्या. मीही जरा पोट आत घ्यायचो.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. एका सोमवारी मी चित्र बघितलं आणि माझं डोकं फिरलं. दार सरळ, मशीन सरळ, आणि मी डावीकडे कललेला, जसा काही कुणी भिंतीला टेकवून ठेवलेला बांबू. त्याआधीच्या तीन चित्रांतही थोडं तसंच होतं. मी चित्र उंच धरलं आणि चहाच्या टेबलाशी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात, आता एकदा स्वतःचे डोळे तपासून घ्या. फुकटच्या कागदावर चित्र काढलं की माणूस असाच वाकडा यायचा!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे हसले. ताईंनी चित्र घेतलं, मागे वेळ लिहिली, आणि गेल्या.

पुढचे चार सोमवार माझी चित्रं अगदी ताठ आली. मी खूश. म्हटलं, बघा, सांगितलं की सुधारतं माणूस.

पाचव्या आठवड्यात, रविवारी दुपारी, ताई आमच्या घरी आल्या. कधी न येणारी बाई. हातात पाकीट. छापखान्यात चार लोकांत नको म्हणून घरी आले, म्हणाल्या. आमच्या हिने पाणी दिलं. ताईंनी जेवणाच्या टेबलावर अकरा चित्रं तारखेप्रमाणे मांडली. पहिली तीन सरळ. नंतरची चार कलत गेलेली, प्रत्येक मागच्यापेक्षा जरा जास्त. शेवटची चार सरळ.

हिने एकेक चित्र हातात घेऊन बघितलं. मग म्हणाली, "ताई, ही शेवटची चार एकदम सरळ कशी झाली?"

"ती मी सरळ केली," ताई म्हणाल्या. "हे म्हणाले, तुमचं चुकतंय. मला वाटलं, असेल. हात वाकडाच जात होता, पण मी पुसायचे आणि सरळ काढायचे. अहो, मूळ प्रत समोर उभी होती, आणि मी तिच्याऐवजी यांचं ऐकलं. इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं."

हिने त्या चारांतलं शेवटचं चित्र खिडकीशी नेलं. रंगाखाली पुसलेली पेन्सिलीची रेघ दिसत होती. त्या रेघेतला माझा खांदा दाराच्या कडीपर्यंत पोचला होता, म्हणजे कल वाढतच चालला होता.

मी म्हणालो, काही नाही, उभं राहायची सवय आहे. पडलो तरी नाक वर! तेव्हा ही माझ्यावर ओरडली. "दोन महिने उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटते, आणि तुम्ही म्हणता चप्पल सैल आहे! नवी आणली तीही सैल?"

सोमवारी पातं बदललं नाही. दवाखान्यात गेलो. ती अकरा चित्रं हिने पिशवीत घातली होती. डॉक्टरांनी मला तपासायच्या आधी ती टेबलावर मांडून बघितली. पाठीच्या कण्यात गाठ होती, मज्जारज्जूवर दाब येत होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने गेले असते तर पाय परत आले नसते. आज मी या माईकपाशी माझ्या दोन पायांवर उभा आहे, कुणाला न टेकता. ताई, ते तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला घरी सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, आज सगळ्यांसमोर सांगतो. माझी बायको तिकडे डोळे पुसतेय, तीही हेच म्हणतेय असं समजा.

मालकांचे आभार, ज्यांनी माझी जागा चार महिने राखली. शिवणवाल्या मावशींचे आभार, ज्यांनी आज ही सगळी चित्रं भिंतीवर लावली. आणि तुम्हा सर्वांचे, की पाच मिनिटांची दहा झाली तरी कुणी घंटा वाजवली नाही.

आता शेवटी काही कमीजास्त बोललो असेन तर क्षमा मागायची पद्धत आहे. प्रत्येक वक्ता मागतो, तुम्ही टाळ्या वाजवता, विषय संपतो. पण आभार मी ताईंचे दहादा मानले असतील, क्षमा एकदाही मागितलेली नाही. त्यांनीही कधी आठवण करून दिली नाही. त्या दिवशी मी जे बोललो ते ऐकून हसलेले बहुतेक सगळे आज या दालनात बसले आहेत, म्हणून इथेच बोलतो.

ताई, डोळे तुमचे बरोबर होते. चुकलो मी. मला माफ करा.