उलटवलेली निगेटिव्ह

(ओशोग्बो, नायजेरिया. वृद्ध छायाचित्रकार लासिसी यांचा बंद पडलेला फोटो स्टुडिओ. त्यांच्यासमोर केहिंदे, वय पन्नास.)

केहिंदे : पाकीट झटका ना, बाबा. दुसरी निगेटिव्ह आत चिकटली असेल.

लासिसी : चिकटायला असायला तर हवी. एकच निगेटिव्ह आहे.

केहिंदे : हिच्यात मी एकटीच आहे. घरच्या फोटोत दोघी आहोत, मी आणि माझी जुळी बहीण तायवो. तिची बाजू वाळवीनं खाल्ली, म्हणून तर आले. पुढच्या महिन्यात लागोसला माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे. नावच ‘तायवो’ आहे.

लासिसी : आईनं काहीच सांगितलं नाही तुला?

केहिंदे : तायवो तापानं गेली, त्याआधीचा फोटो, एवढंच. दर शुक्रवारी आई त्याच्यापुढे तायवोसाठी चवळी शिजवून ठेवायची.

लासिसी : तायवो माझ्या दुकानात कधी आलीच नाही, पोरी. तिला पुरल्यावर आई तुला घेऊन आली. तीन वर्षांची होतीस. जुळ्यातलं एक गेलं की सगळे माझ्याकडेच यायचे. राहिलेल्याला शेजारी शेजारी दोनदा छापायचं.

केहिंदे : ते इतरांचं. आमचा तसला नाही. माझ्या डाव्या पायावर व्रण आहे, फोटोत तिच्या उजव्या पायावर. दोघी एकाच गटारात पडलो होतो.

लासिसी : तू एकटीच पडलीस. दुसऱ्यांदा छापताना मी निगेटिव्ह उलटवली. तिच्या फ्रॉकची बटणं आठव, तीही उलट्या बाजूला होती.

केहिंदे : वीस वर्षं त्या फोटोतला तिचा चेहरा कापून मी पाण्याच्या, भिंतींच्या, कापडांच्या फोटोंवर चढवतेय. एकावर एक. परदेशात विचारतात, हे कुणाकडून शिकलात? बहिणीकडून, म्हणते मी.

लासिसी : माझं नाव घ्यायचंस. दुकान तरी चाललं असतं.

केहिंदे : हसवू नका. आम्ही दिसायला सारख्या तरी होतो?

लासिसी : खोटं बोलू?

केहिंदे : आता नको.

लासिसी : तुझी आई फोटो हातात धरून बराच वेळ बसली होती. म्हणाली, तायवोचा चेहरा गोल होता, आजीवर गेलेली. मग म्हणाली, चालेल, बांधून द्या.

केहिंदे : आई गेली. आजीही नाही. तायवोला पाहिलेलं आता कुणीच उरलं नाही.

लासिसी : तू पाहिलंयस ना.

केहिंदे : मला हाच फोटो आठवतो, बाबा.