कुंकू मालकांच्या पेटीला

चहा होईस्तोवर पहिल्या मतदानाचं ऐका. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. आमच्या वडनेरकडच्या गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, मालगुजारांची, म्हणजे गावच्या जमीनदार मालकांची, आणि तेच उभे राहिलेले.

आदल्या दिवशी त्यांचे दिवाणजी दारात आले. "तुळशीवर हात ठेवून शपथ घ्या, नाईतर उद्यापासून विहिरीवर येऊ नका."

सासूबाईंनी हात ठेवला. "मालकाच्या पेटीले हळदकुंकू वाहीन, हात जोडीन." दिवाणजी खूश होऊन गेले.

मी हळूच म्हटलं, "सासूबाई, भजनीबुवाही उभे आहेत, मी तर चिठ्ठी त्यांना देणार होते."

"बुवा देवमाणूस हाये पोरी, पण निवडून येत नाई. मालकाले पाडू शकते तो मास्तरच, अन् तो गावासाठी नवी विहीर खोदतो म्हणून राह्यला. त्यालेच टाकजो."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या मागून मी पडद्याआड गेले, तर मालकांच्या पेटीला ताजं कुंकू! बाहेर सासूबाईंची लाल बोटं पाहून दिवाणजी म्हणाले, "खुशाल पाणी न्या, बाई."

वाटेत मी घाबरत विचारलं, "चिठ्ठीही मालकांनाच?"

"मास्तरले."

"मग शपथ?"

"पाळली नं! नैवेद्य देवाले दाखवतो आपण, पण ताट तर घरच्याच माणसाले वाढतो."