कलेक्टरची गोळी

...आता यात शकुनबाईची का चूक, तुमीच सांगा जी! त्या बाईले खोटं बोलताच येत नाही, त्याले पंजाबराव तरी का करन? तुमाले सांगतो, अकोल्यात फुलायचं दुकान, नवराबायको दोघंच, अन् लेकरावानी वाढवलेला म्हातारा कुत्रा, नाव कलेक्टर. गिऱ्हाइकानं "हार ताजा आहे का?" इचारलं का बाई म्हनते, "कालचा आहे, उद्या या." पंजाबराव मांगं डोक्शाले हात लावून बसते.

तं झालं असं, कलेक्टरचं हृदय वाढलं. दुकानातून रस्त्यापावतर गेला का धापा टाके. अमरावतीच्या डॉक्टरनं गोळी लिहून देली, म्हने चालू ठेवा, नाही तं जनावर हातचं जाईन. अन् गोळी ना अमरावतीत, ना अकोल्यात! मस्कतले भाचा, शुभम, थो सुट्टीवर येऊन राहिला होता. पंजाबरावनं फोन लावला, "आनजो लेका, अन् खोके तिकडंच फेकजो, वजन वाचते." आपली रीतच आहे ना बाप्पा, तिकडून येनारा समदं सामान खोक्यातून काढून स्टीलच्या डब्यात कोंबते... "अन् कोनी इचारलं तं सांगजो, मामाच्या हृदयाची गोळी." पंजाबराव स्वतः रोज हृदयाची गोळी खाते, मंग त्याच्या मतानं खोटं कुठं झालं?

नागपूरच्या इमानतळावर धरलं ना शुभमले. खजुराच्या डब्यात पांढऱ्या गोळ्या, ना नाव ना चिठ्ठी! पोरानं शिकवल्यावानी मामाच्या हृदयाची गोळी म्हनून सांगतलं, तं साहेबानं मामाच्या घरी फोन लावला अन् उचलला कोनं? शकुनबाईनं. पंजाबराव समोर छाती धरून इशारे करून राहिला, जसा का आत्ताच झटका आला... अन् बाई म्हनते, "साहेब, कुत्र्याची गोळी आहे. खोटं यायनं शिकवलं, पोराले सोडा." त्या बाईले खोटं बोलताच येत नाही, पंजाबराव तरी का करन?

साहेब म्हने, "मावशी, बरं केलं. खोट्या जबाबावर सही झाली असती तर पोरगा अडकला असता. पण जनावराचं औषध असं परवान्याशिवाय येत नाही, गोळ्या इथंच राहतील." शुभम सुटला, गोळ्या गेल्या. बाईनं फोन ठेवला अन् कलेक्टरजवळ बसून ढसढसा रडली. मले तं सांगतानीबी भरून येते... भाचा वाचवला, पन कुत्रं?

दुसऱ्या दिवशी अमरावती. तिथंबी डॉक्टरले समदं खरं सांगून टाकलं. डॉक्टर म्हने, "अहो, मिळाली नाही तर मला कळवायचं ना. दुसरी एक आहे, माणसाच्या दुकानात मिळते, मात्रा मी लिहून देतो." चिठ्ठी वाचून पंजाबराव थंडच पडला. त्याचीच रोजची गोळी निंगाली!

आता कलेक्टर रस्त्यापावतर जाते अन् गिऱ्हाइकावर भुकतेबी. सकाळी एकाच पाकिटातून दोघायच्या गोळ्या निंगतात. परवा पंजाबरावनं इचारलं, "मले सोडून पयले त्याले काहून देतं वं?" म्या म्हटलं, आता तरी बाई नवऱ्याचं मन राखन... बाई म्हने, "त्याच्यावर माया जास्त आहे."

पंजाबराव का करन? गुपचाप आपली गोळी गियते.